झाकणाचं माप

आमच्याकडे मेम्फिसला बरगड्या कोरड्या.
माझा बाप, क्लीओफस, एवढं एकच वाक्य पूर्ण बोलायचा,
बाकी दिवसभर हुंकार.
रात्री दोनला उठून भट्टीपाशी बसायचा,
हिकरीच्या ओंडक्याशी काही ठरलं असल्यासारखा.
बरगड्यांच्या पाठीवरचा पापुद्रा
फडक्यात धरून एका ओढीत सोलायचा.
मग मसाला: पॅप्रिका, लसणाची पूड, मोहरी, लाल तिखट,
आणि अजून एक काहीतरी,
जे घालताना आमच्याकडे पाठ करायचा.
मसाला चोळायचा नाही, थापटायचा.
चोळायचा तो दुखरा गुडघा, म्हणायचा.

आई कॅन्सस सिटीची.
तिच्या माहेरी सॉसशिवाय बरगडी म्हणजे
चर्चला चपलेशिवाय जाणं.
काकवी, टोमॅटो, कांदा; पातेलं चार तास रटरटणार,
पडद्यांना वास, उशांना वास,
माझ्या गणिताच्या वहीची पानं एकमेकांना चिकटलेली.
शेवटच्या वीस मिनिटांत ती ब्रश घेऊन यायची
आणि बाप जाळीच्या मधोमध
चिमटा आडवा धरून उभा राहायचा,
सरहद्दीवरच्या शिपायासारखा.
तिच्या अर्ध्यावर साखर जळून जी काळी चकाकी धरायची
ती मी नखाने खरवडून खायचे.
आणि हो, त्याच्या अर्ध्याची करकरीत कडसुद्धा.
तू कोणाच्या बाजूची, असं कोणी विचारलं
की माझं तोंड भरलेलं असायचं.

मावशीचा नवरा लेम्युअल, नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेचा,
आपली बाटली कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा:
व्हिनेगर, मिरचीचे तुकडे, मीठ,
आणि बुचाला खिळ्याने पाडलेली तीन भोकं.
शिंपडलं की नाकात झिणझिण्या.
टोमॅटो घातला की ते केचप,
हे तो आईकडे न बघता म्हणायचा.
तुमच्याच राज्यात पश्चिमेला घालतात की, ओपल म्हणाली,
त्या ईस्टरपासून दोघांचं बोलणं बंद.
ओपल अलाबामाची. ती मेयोनेज कालवून पांढरा सॉस करते.
त्याबद्दल आमच्या घरात
एखाद्याच्या ऑपरेशनबद्दल बोलावं तसं हळू बोलत.
मला आवडतो.

शेजारचे होयट टेक्सासचे. मीठ, मिरी.
अजून काय, विचारलं तर थोडा वेळ विचार करून म्हणायचे,
मीठ. मिरी.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
आमच्याकडे एका चार जुलैला उलटं झालं:
आईचा सॉस ठिबकला, भडका उठला
आणि बापाची अख्खी बाजू कोळसा.
दोन आठवडे तो कुंपणाकडे तोंड करून जेवला.

मार्चमध्ये बाप गेला.
मागे एक पावती, तिच्या पाठीवर पेन्सिलीने:
पॅप्रिका ५, साखर ३, मीठ २.
पाच काय? चमचे? मुठी? कप?
मी सगळं करून पाहिलं.
एकदा नुसता समुद्र, एकदा लाल माती.
लेम्युअल म्हणाला, व्हिनेगर शिंपड.

काल मसाल्याच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी
हाताला एक झाकण लागलं.
आतून लाल पडलेलं, कड झिजलेली.
आईची सॉसची बरणी तीसेक वर्षं
फॉइलने झाकलेली, वर रबरबँड.
आम्हाला वाटायचं बरणी अशीच असते.
आईने झाकण उलटंसुलटं केलं.
चोर, म्हणाली.
बरणीवर ठेवून फिरवलं. एक आटा, दोन आटे, बसलं.
परत काढलं. धुतलं नाही.
पाच म्हणजे ही पाच, म्हणाली,
आणि शिगोशीग नाही, वरून बोट फिरवून सपाट.
मला मागून त्याचं कोपर हलताना दिसायचं.

ते एक काहीतरी तिलाही माहीत नाही.

उद्या पहाटे भट्टी पेटवायची आहे.
झाकण डब्यात परत गेलं,
बरणीवर नवी फॉइल.
रबरबँड जुनाच होता, ताणताना तुटला.
खणात दुसरा शोधतेय.