हातचा

विमान उतरलं ते गवतावर.
पायलटनं इंजिन बंदही केलं नाही,
माझी तीन खोकी खाली ढकलली न् गेला.
खोक्यांत पहिलीची नवी इंग्रजी पुस्तकं.
पान पहिलं, ए फॉर ॲपल.
या दरीत सफरचंद आणणारा मीच पहिला,
तेही छापलेलं.

मी तपासनीस. किनाऱ्याचा माणूस.
पापुआ न्यू गिनीच्या नकाशात
जिथं कागद सगळ्यांत जास्त चुरगळल्यासारखा दिसतो
तिथल्या शाळा माझ्या वाट्याला.
देशात भाषा आठशेच्या वर,
परिपत्रक एक.
तेही अधूनमधून कूस बदलतं:
मुलांना आईच्या भाषेत शिकवा.
मग, नको, पहिल्या दिवसापासून इंग्रजी.
मग, जरा थांबा, समिती बसली आहे.
समिती बसली की मुलं उभीच राहतात.

डॉर्कस बाईंच्या वर्गाला भिंत अर्धी.
बांबूच्या फटींतून ढग आत येतो, मागे बसतो,
हजेरीत नाव नसलेल्या मुलासारखा.
मी फळ्यावर लिहिलं, आठ अधिक सात.
सिनेप उठली.
उजवं कोपर धरलं. हे आठ.
तिथून निघाली: दंड, खांदा, मान,
कान, डोळा, नाक,
नाकाचा डोंगर ओलांडून पलीकडे उतरली
न् थांबली.
"डावा डोळा," म्हणाली.

कुणी हसलं नाही. बरोबर होतं.
माझ्या फॉर्मवर रकाने दोन, बरोबर आणि चूक.
मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

बोटांवर मोजण्याइतकं, असं आपण थोड्याला म्हणतो.
इथं बोटं संपली की मनगट आहे,
आणि माणूस पुरता संपतो तो सत्ताविसाला,
दुसऱ्या हाताच्या करंगळीपाशी.
"आणि त्याच्या पुढे? हातचा कुठून घेता?"
डॉर्कस बाईंना प्रश्नच कळेना.
"शेजारी बसलेलं असतं की कुणीतरी."

पगाराचं विचारलं तर त्यांनी
मनगटाच्या वर चार बोटं, तिथं टिचकी मारली.
सात महिने.

सिनेपचा बाप विगाम वाटेत आडवा आला.
"साहेब, इंग्रजीच शिकवा.
अंगावर मोजायला मी शिकवीन.
कॉफीचं पोतं घेऊन गेलो होतो खाली बाजारात.
व्यापाऱ्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
काचेत आकडे होते.
माझं अंग त्यात कुठंच नव्हतं."

हे मी अहवालात कुठल्या मुद्द्याखाली लिहू?

रात्री कंदिलापाशी माझ्या बेटाचे आकडे आठवत बसलो.
शाळेत त्या भाषेच्या एका शब्दाला एक छडी होती.
मी हुशार, लवकर विसरलो.
एक आला, दोन आला, अडखळत सहा आला.
सातला काय म्हणत
ते विचारावं असं घरात कुणी उरलेलं नाही.
शिफारशींत लिहिलं, दोन्ही भाषा शिकवाव्यात.
मग खोडलं. कोण शिकवणार, कुठल्या पगारावर?
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा तेच लिहिलं.

सकाळी जुनी पुस्तकं गोळा करायची होती.
इथल्या भाषेतली, बाईंनी हातानं चित्रं काढलेली,
डुक्कर, रताळं, झुलता पूल.
यादीप्रमाणे खोकी सहा.
भरली पाच.
बाई खडूचे तुकडे वेचत होत्या,
एकेक, फार लक्ष देऊन.
मी सहाव्याचं विचारलं नाही.

विमान आलं. इंजिन चालूच.
पायलट ओरडला, किती?
त्या घरघरीत मी मनगटाला बोट लावलं.
त्यानं स्वतःच्या घड्याळात पाहिलं
आणि म्हणाला,
हो ना, फार उशीर झालाय.