शहाण्णव घरं

पाचगावच्या वाटेवर एक बोळ आहे.
डाव्या अंगाची घरं महापालिकेची,
उजव्या अंगाची ग्रामपंचायतीची.
डासाला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

बोळाच्या तोंडाशी हद्दवाढीचा बोर्ड,
या बाजूनं ‘झालीच पाहिजे’,
त्या बाजूनं ‘होऊ देणार नाही’.
खाली टायर. टायरात पाणी.
पाण्यात वळवळणारे स्वल्पविराम.

डावीकडं फिरते निलोफर बागवान,
उजवीकडं सुमित्रा मगदूम.
ऊन एकच, रजिस्टरं दोन.
एका घराचं स्वयंपाकघर इकडं आणि न्हाणी तिकडं,
तिथल्या पोराचं रक्त दोनदा काढलं गेलं.
शेजारच्या भाड्याच्या खोलीत
शिरोलीच्या फाउंड्रीतला शिवलिंग तापानं फणफणत होता,
त्याला दोघींच्याही वहीनं ‘पलीकडचा’ म्हणून सोडलं.

मी प्रयोगशाळेत असतो, सीपीआरच्या मागच्या अंगाला,
फ्रिजच्या घरघरीत.
माझ्याकडं तळहाताएवढी एक प्लेट असते:
आठ ओळी, बारा रांगा, शहाण्णव घरं.
प्रत्येक घरात एका माणसाचा एक थेंब.
प्लेट भरत आल्याशिवाय लावायची नाही.
किट मोजकी,
पुढची कधी येतील ते पुण्यालाच ठाऊक.

मंगळवारी पालिकेचे एक्केचाळीस नमुने, निळा शिक्का.
जिल्हा परिषदेचे अडतीस, लाल शिक्का.
दोन्हीकडून फोन:
“आमचे वेगळे ठेवा. आमचे भरले की लावा.”
म्हणजे एक्केचाळीस माणसं वरच्या कप्प्यात ताटकळत,
अडतीस खालच्या कप्प्यात,
आणि बाहेर ती सगळी
गोधडीत कुडकुडत.

बैठक झाली. चहा झाला, नंतर दुसरा चहा झाला.
इतिवृत्तात ‘समन्वय’ सात वेळा आला.
मी मोजला. मोजायची सवय.

संध्याकाळी स्कूटी आली. पुढं सुमित्रा, मागं निलोफर,
मध्ये शीतपेटी,
बर्फ बाजारातल्या मासेवाल्याकडून मागून आणलेला.
आत एकच नळी. शिवलिंगची.
शिक्का कुठलाच नाही.
“कुणाच्यात धरायचा ह्यो?” मी विचारलं.
सुमित्रा म्हणाली, “ते तुमी ठरवा सर.
आमी नुस्तं रक्त आणलंय.”

‘संस्था’ या रकान्यात मी लिहिलं: बोळ.
मग इचलकरंजीला फोन लावला.
त्यांचे सात पडून होते चार दिवस.
म्हटलं, पाठवून द्या, जागा आहे.
आपल्या गावात हे वाक्य
इतकं सहज म्हणता येतं, हे मला माहीत नव्हतं.

दोन्ही साहेबांना विचारलं नाही.
निळे, लाल, इचलकरंजीचे आणि बोळ,
सगळे एका पत्र्याखाली आणून बसवले.
राजारामपुरीच्या वकिलाला शेजार मिळाला
उजळाईवाडीच्या वीटभट्टीवरच्या बाईचा.
भिंत होती, पण केसाएवढी,
आणि दोघांनाही पाणी एकाच नळीनं.

रात्री साडेअकराला रंग फुटला.
चौदा घरं पिवळी,
पट्टणकोडोलीच्या भंडाऱ्यागत.
सहा डावीकडचे, सात उजवीकडचे,
चौदावा शिवलिंग.
इचलकरंजीचं एकही नाही.
आभाराचा फोन आला नाही. मीही केला नसता.

सकाळी दोन पत्रं टाइप केली, दोन लेटरहेडवर.
शिवलिंगचं नाव दोन्हींत घातलं;
एकदा कुणाचाच नव्हता,
आता दोघांचाही असू दे.
दोनदा रक्त दिलेल्या पोराला
दोन निगेटिव्ह आले. कागद घेऊन गेलं, खुशीत.

फवारणीची गाडी बोर्डापर्यंत आली आणि वळली.
टायर म्हणे निलोफरनंच उलटा केला.
पाणी उजवीकडं गेलं.
“आमच्याकडं का गं?” सुमित्रा ओरडली.
हे मी पाहिलेलं नाही, ऐकलंय.

प्लेट पुन्हा वापरता येत नाही.
पिवळ्या पिशवीत टाकताना दिसलं,
तीन घरं रिकामीच राहिली होती.
बोळात अजून कुणाकुणाचं दार
वाजवायचं राहिलं असेल.