पुरे

फॅरोच्या उत्तरेकडल्या आमच्या बेटावर
पाद्री येतो सहा आठवड्यांतून एकदा,
तेही समुद्राची मर्जी असली तर.
मधल्या रविवारी प्रवचन वाचायचं काम
माझ्या सासऱ्यांकडे होतं.
आवाज असा, की छपरावरचं गवतसुद्धा ताठ उभं राहावं.
ते गेले. गावात उरलो एकोणीस जण,
आणि बारीक अक्षर अजून दिसतं असा एकटा मी:
हानुस, मेंढ्या कातरणारा,
ज्याच्या तोंडी 'प' आला की ओठ मिटतात
आणि उघडायचं विसरतात.

नाही म्हणायलाही मला वेळ लागला.
तेवढ्यात त्यांनी पुस्तक हातात ठेवलं.

शाळेत मास्तर म्हणायचे, "पुरे. बस खाली."
चिडून नव्हे, दया येऊन.
ते जास्त लागायचं.
तेव्हापासून दुकानात मी पाव मागत नाही,
बोट दाखवतो.

आणि प्रवचनात तर पावलोपावली तेच.
पिता. पुत्र. पवित्र आत्मा. पाप. प्रीती. पुनरुत्थान.
जणू कुणी मुद्दाम
माझ्या वाटेवर धोंडे रचून ठेवलेत.

पहिल्या रविवारी सतरा मिनिटांचं प्रवचन
पन्नास मिनिटं चाललं.
डांबर फासलेल्या फळ्यांवर वारा धडका देत होता,
छताला टांगलेली लाकडी होडी
(बुडता बुडता वाचलेल्या कुणी कधीकाळी वाहिलेली)
हलत होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो,
माणसांकडे नाही.
कुणाच्या तरी घरी बटाटे करपले असणार.

घरी आलो तो थेट कोठीत गेलो,
वाऱ्यावर सुकत टांगलेल्या मांसाखाली उभा राहिलो
आणि म्हणालो, देवा, हे काढून घे.
एकट्यात मी अडखळत नाही.
किती स्वच्छ मागितलं!
दुसऱ्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी रडून.
त्या प्रेषितानंही तीनदाच मागितलं होतं.
त्याला निदान उत्तर तरी मिळालं.
माझ्या कोठीत फळ्यांच्या फटींतून नुसती शीळ.

चौथ्या रविवारी राकुल दाराशी थांबली.
ऐंशीची, तीस वर्षं ठार बहिरी.
नवऱ्याची होडी परतली नाही
त्याच हिवाळ्यात तापानं कान नेले.
दर रविवारी पुढच्या बाकावर असायची;
आम्हाला वाटायचं, सवयीनं येते.
म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तशी, जरा मोठ्यानंच:
"तुझा सासरा भला माणूस. पण ती दाढी!
आणि बोलणं म्हणजे धबधबा.
तीस वर्षं मी त्या दाढीकडे बघत बसले.
तू शब्द ओठांत धरून ठेवतोस.
तेवढ्यात मला तो ओळखता येतो.
आज 'पिता' कळला. अख्खा.
घाई करू नकोस, बाबा.
कुणी शिकवायला आलं तर शिकू नकोस."
आणि लोकरीचे मोजे हातात कोंबले,
एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब.

मी काही बरा झालो नाही.
डोंगरावर मेंढ्यांना हाका मारताना जीभ मोकळी असते,
दुकानात अजून बोटच दाखवतो.
कधी कधी लाज येते, जुनी, शाळेतली.
पण आता दाढी घोटून जातो,
खिडकीच्या उजेडात उभा राहतो,
तोंड पुढच्या बाकाकडे.

गेल्या रविवारी वाचायला तेच पत्र आलं, काट्याचं.
देवाच्या उत्तरात तो शब्द होता.
मास्तरांचाच शब्द.

ओठ मिटले.
वारा थांबला नाही, माणसं थांबली.
राकुल पुढे वाकली, तिचेही ओठ मिटलेले.
त्या बंद दाराशी आम्ही दोघं
किती वेळ उभे होतो कोण जाणे.
मग तिनंच आधी उघडलं,
आवाज न करता:

पुरे.