सतरा

इंजिनिअरनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं.
बिसीऊट्याचं पातेलं झाकून मी ते भिंतीला दाबून धरलं.
तो म्हणाला, हदिनेंटु.
मी मनात म्हटलं, अठरा.
भिंत दोघांचीही तेवढीच भरली.

पैसे एकाच खोलीचे. गळतात तीन.

बैठक व्हरांड्यात, आत बादल्या मांडलेल्या.
तोपिन्ना म्हणाला, ऑफिसची करा, दाखले भिजाय लागलेत.
शिवक्का म्हणाली, दाखले चुलीवर वाळतात गा,
पहिलीची पोरं वाळवशील काय?
तोपिन्ना विडी शोधत राहिला.
जुनी मंगळुरी कौलं उतरवून धुवायची ठरली,
फुटकी किती ते वर चढल्याशिवाय कळणार नाही.

खानापूरला जायचा कागद कन्नडात.
हेडमास्तर एकेक ओळ मराठीत सांगत होते:
आजची पटसंख्या? सोळा.
पुढच्या पाच वर्षांत किती?

सगळे गप्प. बादलीत थेंब पडला, मग दुसरा.
गुरवांची सून कोपऱ्यात उभी होती,
तिनं पदर पोटावरून नीट केला.
सतरा लिवा, म्हणाली.

हेडमास्तरांनी पेन्सिल ठेवली,
शाईचं पेन काढलं.