शहाण्णव नाबाद

मुकुंदनगरच्या कोपऱ्यावर जंगम मास्तरांचं दुकान,
सात बाय नऊ.
तिथून नेहरू स्टेडियम चालत बारा मिनिटं.
तरी तिथला सामना आमच्याकडे यायचा
कुठल्याशा मनोऱ्यावरून लांबचा वळसा घेऊन,
धापा टाकत,
अर्धी वाक्यं वाटेत सांडत.

ट्यूब लावली की रेडिओ गुरगुरायचा,
मशीनची मोटर लावली की संपलंच.
म्हणून रणजीच्या दिवसांत मास्तर
दिवसाउजेडी दाराशी बसून पायानं मशीन हाणायचे
आणि काजी-बटणाला ठेवलेला दिलावर
बटणं सोडून एरियल धरायचा.
तार खिडकीच्या गजातून वर गेलेली,
वाळवेकर काकूंच्या कपड्यांच्या तारेला बांधलेली.
काकू ओली चादर टाकायच्या
आणि कव्हरमधून निघालेला चेंडू
तिच्यातच अडकायचा.

"पुढं येऊन खेळला, चेंडू हवेत, मिडविकेटला... खर्रर्र...
कांदा, गुलटेकडी, आवक मध्यम..."
"झेल घेतला का पण?" मास्तर विचारायचे.
"भाव स्थिर आहे," दिलावर म्हणायचा.

त्या दिवशी समोर मुंबई
आणि खेळत होता आपल्या महर्षीनगरचा वाळिंबे.
त्याची पांढरी पँट इथलीच,
शिलाईचे साडेसात रुपये अजून बाकी.
मास्तरांनी बेंद्र्यांच्या कोटाचं कापड पसरलेलं,
त्यावरच खडूनं धावा मांडत होते.
एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
मध्ये बराच वेळ नुसतीच खरखर,
मग एकदम शहाण्णव.

आणि रेडिओ गप्प.
थाप मारली. सेल काढून दातांनी दाबून परत घातले.
दिलावर स्टुलावर चढला, एका पायावर उभा राहिला,
हात वर, तोंडात तार.
काही नाही.

तेवढ्यात खरीखुरी आरोळी आली,
स्वारगेटवरून, एसट्यांच्या हॉर्नवरून, छपरांवरून,
कुठल्याही मनोऱ्याशिवाय.
स्वच्छ, एवढी की मशीनवरची कात्री थरथरली.

पण कुणाची?
निम्मं स्टेडियम मुंबईचं असायचं.
शंभर झाले तरी तीच, दांडी उडाली तरी तीच.
आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.
"पळत जाऊन विचारून येऊ?" मी म्हटलं.
बाराचं अंतर मी सहा मिनिटांत कापलं असतं.
मास्तर म्हणाले, "बस खाली."

मग त्यांनी कॅनव्हास घेतला,
आकड्यावर ठेवला,
आणि टाके घालायला लागले.

सकाळी पेपरात काय ते आलंच.
साडेसात रुपये कधी आले नाहीत.
बेंद्रे तो कोट घालून मुलीच्या लग्नात उभे होते,
छातीशी डावीकडे, अस्तराच्या आत,
खडू एव्हाना पुसलाही असेल,
मास्तरांनी मात्र अक्षता टाकता टाकता
मला कोपरानं ढोसलं
आणि हळूच म्हणाले,
"अजून खेळतोय."