टॅन्सीचा फलक

धान्याच्या ट्रकने टॅन्सीचा फलक उडवला
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात,
आणि काउंटीच्या रस्तेखात्यातला मी
नवा लावायचा का, हे ठरवायला आलो.

फॉर्मवर तीन चौकोन : शहर, गाव, इतर.
गाव म्हणावं तर महापौर नाही,
दिवाबत्ती नाही, घरपट्टी नाही,
हद्द तर कुणी कधी आखलीच नाही.
आयोवातल्या मक्यात दोन खडीचे रस्ते
एकमेकांवर फुली मारतात, तिथे चौदा घरं.
पाचांना कुलूप.

व्हर्ला रुकॅम्प, वय एक्क्याण्णव,
पायरीवर वाळल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
म्हणाली, बस. आधी हे सोल.

तिच्या सासऱ्याच्या आज्याने
अठराशे अठ्ठ्याऐंशीत पोस्ट मागितलं.
पोस्टाला नाव लागतं. त्याने तीन पाठवली,
तिन्ही परत : राज्यात आधीच आहेत.
चौथ्या खेपेला वैतागून
अंगणात बांधलेल्या खेचराचं नाव लिहिलं.
मंजूर.
पुढे चर्चमधल्या बायकांनी
टॅन्सी नावाची एक मुलगी घडवली,
सोनेरी केसांची, तापाने गेलेली.
"शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिला होता," व्हर्ला म्हणाली,
"पेन्सिल मिळाली बक्षीस."
दफनभूमीत ती मुलगी कुठेच नाही.
खेचर चर्चच्या मागे पुरलंय.

रेल्वे येणार म्हणून दोन मजली हॉटेल बांधलं.
रेल्वे सहा मैल उत्तरेने गेली.
हॉटेलात कोंबड्या राहिल्या, बरीच वर्षं,
वरच्या मजल्यावरसुद्धा.
मग टपाल दारात येऊ लागलं, पोस्ट बंद पडलं.
सोय झाली म्हणे.
फक्त संध्याकाळी सगळ्यांनी एका जागी
उगीच उभं राहायचं निमित्त गेलं.

एकोणीसशे अठराशी आल्यावर
तिचे हात थांबले.
चर्चच्या दारावर दगडात कोरलेली जर्मन ओळ होती.
तिच्या आजोबांनीच रात्री शिडी लावून
तिच्यावर सिमेंट थापलं,
बाहेरचे कुणी डांबर घेऊन यायच्या आत.
पुढच्या रविवारी प्रवचन इंग्रजीत.
आजी पुढच्या बाकावर बसायची,
अकरा वर्षं, एक शब्द न कळता.
देवाला कळतंय ना, म्हणायची.
तेही घरात, खिडकी लावून.

आता दर हिवाळ्यात सिमेंटचा एखादा पोपडा गळतो,
एखादं अक्षर बाहेर येतं.
ओळ पुरी होईपर्यंत वाचणारं
कोण उरेल, ते तिने विचारलं नाही.
मीही नाही.

शाळेचं तिने एका वाक्यात उरकलं :
बस आली आणि पोरं घेऊन गेली.

का कोण जाणे, मी तिला दसऱ्याचं सांगितलं.
आमच्याकडे लोक शिवेपलीकडे जातात त्या दिवशी,
सोनं म्हणून झाडाची पानं घेऊन परततात.
"शीव कुठे आहे ते कसं कळतं?"
माहीत असतं, मी म्हणालो.
मला कुठलं माहीत?
आम्ही सोसायटीच्या फाटकापर्यंत जायचो,
पानं कोपऱ्यावरच्या बाईकडून, दहा रुपये जुडी.

"इथेही माहीत असतं," ती म्हणाली.
"पुलाच्या अलीकडे ऑर्विल गाडीचा वेग कमी करायचा.
मागे झोपलेली पोरं
कुणी न उठवता जागी व्हायची."

'इतर'वर खूण केली.
जागा : जुन्या खांबापासून दोनशे फूट पूर्वेला, पुलाच्या अलीकडे.
कारण : येथे वाहने वेग कमी करतात.

साहेब सही करतील की नाही, सांगता येत नाही.
निघताना तिने सोललेले दाणे कागदी पिशवीत दिले.
म्हणाली, रात्रभर भिजत घाल.
आणि स्पेलिंग तपासून घे,
मागच्या वेळी एक अक्षर खाल्लं होतं तुम्ही लोकांनी.