तिसरा टेक

शुब्राच्या उघड्या थिएटरात उन्हाळ्यात
अजूनही लागतो तो जुना सिनेमा,
राँग नंबरवरून सुरू होणारा.
ती टेलिफोन ऑपरेटर, तो लिफ्ट दुरुस्त करणारा,
आणि मध्ये अख्खं कैरो
चोंबडेपणा करायला टपलेलं.

लोकांना सगळं पाठ आहे.
लिफ्ट अडकायच्या आधीच हशा पिकतो.
मागच्या रांगेतला न्हावी तर
भांडणात दर वेळी तिची बाजू घेतो, तावातावाने,
जणू या खेपेला
तो दार आपटून जाणारच नाही.

आई हसत नाही. भोपळ्याच्या बियांची पुडी
मांडीवर धरून ती पुलाची वाट बघते.

कस्र-अल-नीलचा पूल, शेवटचा प्रसंग.
तो माफी मागतोय, फुलं विसरलाय म्हणून
हातात स्क्रू-ड्रायव्हरच आहे.
त्यांच्या मागे, जरा अंधुक,
टोपलीवाली एक मुलगी इकडून जाते,
सायकल ढकलणारा एक मुलगा तिकडून.
दोन सेकंद.

मुलगी माझी आई. मुलगा फिक्री, माझे वडील.
दिवसभराच्या रोजावर आणलेली गर्दी नुसती,
एकमेकांची कोणी नव्हेत.

हिरो वाक्य विसरला. पुन्हा विसरला.
तिसऱ्यांदा नीट बोलला,
तर दिग्दर्शकाला ऊन पटेना.
चौथ्यांदा ओलांडताना वडिलांनी मान वर केली.
पाचव्यांदा विचारलं, टोपली जड आहे का?
सहाव्यांदा आई म्हणाली, रिकामी आहे.
सातव्यांदा दोघं असे खिदळले
की कॅमेरा बंद करून त्यांना हाकलून दिलं,
पैसे न देता.

त्या माणसाला तिसऱ्यांदाचं ऊन तिथेच पटलं असतं
तर मी नसते.
आणि पुढे कापाकापी करताना
त्याला तेच पटलं.

म्हणून पडद्यावर अजून
ते दोघं ओळख नसल्यासारखे जातात.
वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी
तो मुलगा खाली मान घालून
सायकल ढकलतो आहे,
चेन घसरली आहे एवढीच त्याला काळजी.

पुढे हिरोला माफी मिळते. टाळ्या.
न्हावी डोळे पुसतो, कोणी बघत नाही असं समजून.
आई दातांत बी फोडते
आणि कोणाला तरी समजावते, हळूच,
"बघेल गं. पुढच्या टेकला बघेल."

मग दिवे लागतात.
आम्ही खुर्चीखाली वाकून
तिची एक चप्पल शोधत बसतो.